बाटली खाणारा जिवाणू

पिंपळाचे जाळीदार पान तुम्ही पाहिले असेलच. हिरवे पान पाण्यात घालून ठेवायचे, दोनतीन आठवडे त्याच्याकडे ढुंकूनही पाहायचे नाही, आणि मग हलक्या हाताने चोळून धुवायचे. पानाचा गर निघून जातो आणि शिरांची नाजूक जाळी तेवढी हाती उरते. ती वाळवून वहीत जपून ठेवायची. हा उद्योग पुष्कळांनी केलेला असतो. पण पानाचा तो गर गेला कुठे, हा प्रश्न मात्र फार थोड्यांना पडतो.

तो गेला पाण्यातल्या असंख्य जिवाणूंच्या आणि बुरशींच्या पोटात. खरे म्हणजे जिवाणूंना पोट नसतेच. आपण अन्न आधी गिळतो आणि मग पचवतो. जिवाणूंचा क्रम नेमका उलटा असतो. ते आपले पाचक रस शरीराबाहेर सोडतात, अन्न बाहेरच्या बाहेर पचवतात आणि तयार झालेले पातळ द्रव्य शोषून घेतात. या पाचक रसांत जी किमयागार द्रव्ये असतात त्यांना विकरे किंवा एन्झाइमे म्हणतात. प्रत्येक विकराचे काम ठरलेले असते. स्टार्च तोडणारे विकर स्निग्ध पदार्थाला हात लावत नाही, आणि स्निग्ध पदार्थ तोडणारे विकर स्टार्चकडे बघत नाही.

आता त्याच पाण्यात पानाऐवजी पाण्याची रिकामी प्लॅस्टिकची बाटली टाका. दोन आठवडे कशाला, वर्षभर ठेवा. बाटली जशीच्या तशी! तिच्यावर शेवाळाचा हिरवा थर चढेल, पण तो पुसला की खाली बाटली लख्ख. असे का व्हावे? जी फौज पानाचा फडशा पाडते तिला बाटली का खाता येऊ नये?

याचे एक उत्तर पाठ्यपुस्तकात तुम्ही वाचले असेल: प्लॅस्टिक हे मानवनिर्मित आहे, म्हणून ते कुजत नाही. हे उत्तर अर्धेच खरे आहे. वस्तू कोणी बनवली हे जिवाणूला कसे कळणार? त्याच्या विकराला फक्त एवढेच कळते की समोरच्या रेणूत आपल्याला तोडता येण्याजोगा सांधा आहे की नाही. म्हणून आधी बाटलीच्या रेणूकडेच पाहू.

मण्यांची माळ

पाण्याची बाटली ज्या प्लॅस्टिकची असते त्याला थोडक्यात ‘पेट’ म्हणतात. पूर्ण नाव लांबलचक आहे: पॉलिएथिलीन टेरेफ्थॅलेट. त्याचा रेणू म्हणजे एक लांब माळ. तिच्यात दोनच प्रकारचे मणी आळीपाळीने ओवलेले असतात. एक मणी टेरेफ्थॅलिक आम्लाचा आणि दुसरा एथिलीन ग्लायकॉलचा. अशा माळेसारख्या रेणूंना बहुवारिके म्हणतात. नुसती माळ असणे यात नवे काही नाही. भातातला स्टार्च, कापसातला सेल्युलोज, डाळीतली प्रथिने याही माळाच आहेत आणि जिवाणू त्या आनंदाने खातात.

पेटचा शोध बाटलीसाठी लागलेला नाही. इंग्लंडमध्ये मँचेस्टर येथे जॉन रेक्स व्हिनफिल्ड आणि जेम्स टेनंट डिक्सन यांनी १९४१ साली त्याचे एकस्व नोंदवले ते कापडाचा धागा म्हणून. या धाग्याला टेरिलीन असे नाव मिळाले. टेरिलीन आणि कॉटन मिळून टेरिकॉट! तुमचा गणवेश टेरिकॉटचा असेल तर तुमच्या अंगावरचा सदरा आणि दप्तरातली पाण्याची बाटली ही रसायनशास्त्राच्या दृष्टीने सख्खी भावंडे आहेत. बाटली आली पुढे बऱ्याच वर्षांनी. अमेरिकेत ड्यु पाँ कंपनीतील नॅथॅनिएल वायेथ यांना पेटच्या बाटलीचे एकस्व १९७३ साली मिळाले.

या माळेतले दोन मणी ज्या सांध्याने जोडलेले असतात त्याला एस्टर बंध म्हणतात. गंमत इथेच आहे. हा सांधा निसर्गाला मुळीच नवा नाही. खोबरेल तेलात, तुपात, आपल्या शरीरातल्या चरबीत एस्टर बंधच असतात. आणखी एक ठिकाण आहे. आंब्याचे किंवा फणसाचे पान हातात घ्या. त्याच्या वरच्या बाजूला जी चकाकी दिसते ती एका चिवट, जलरोधक आवरणाची. या आवरणात मेण असते आणि ‘कुटिन’ नावाचे एक बहुवारिक असते. कुटिनच्या माळाही एस्टर बंधांनीच जोडलेल्या असतात. म्हणजे कुटिन हे झाडाने तयार केलेले पॉलिएस्टरच म्हणा ना!

झाडे जमिनीवर आली तेव्हापासून, कोट्यवधी वर्षे, ही पाने गळत आहेत. कुटिन कोणी खाल्लेच नसते तर रानावनांत त्याचे डोंगर साचले असते. ते साचलेले नाहीत, कारण काही बुरश्या आणि जिवाणू कुटिन तोडणारे विकर बनवतात. त्याला कुटिनेझ म्हणतात. पिकांवर रोग पाडणाऱ्या काही बुरश्या तर याच विकराने पानाच्या आवरणाला भोक पाडून आत शिरतात. (नावाच्या शेवटी ‘एझ’ आले की ते विकर समजावे. स्निग्ध पदार्थ तोडणारे ते लायपेझ, कुटिन तोडणारे ते कुटिनेझ.)

म्हणजे सांधा ओळखीचा आहे आणि तो तोडणारी हत्यारेही निसर्गात आहेत. मग पेट खाणारा कोणीतरी असायलाच हवा, नाही का?

साकाईचा शोध

जपानमध्ये ओसाकाजवळ साकाई नावाचे शहर आहे. धारदार सुऱ्यांसाठी ते पूर्वापार प्रसिद्ध. तिथे पेटच्या बाटल्यांवर पुनर्प्रक्रिया करणारे एक केंद्र होते. क्योतो येथील तंत्रविज्ञान संस्थेचे कोहेई ओदा, त्यांचे सहकारी शोसुके योशिदा आणि केइओ विद्यापीठाचे केन्जी मियामोतो यांच्या गटाने साधा विचार केला. शेतावर धाड घालणारी डुकरे शोधायची तर शेताच्या बांधावरच पाळत ठेवावी लागते. पेट खाणारे जिवाणू जिथे पेटचा कचरा वर्षानुवर्षे पडून आहे अशाच जागी सापडतील.

त्यांनी पेटच्या तुकड्यांनी माखलेल्या गाळाचे, मातीचे, सांडपाण्याचे २५० नमुने गोळा केले. प्रत्येक नमुना एकेका परीक्षानळीत घातला. नळीत पेटचा एक पातळ पापुद्रा सोडला. बाकीचे अन्न जगण्यापुरतेच, अगदी नावाला. थोडक्यात सांगायचे तर ‘खायचे असेल तर हे खा, नाहीतर उपाशी राहा’ असा हा मामला होता. बहुतेक नळ्यांत काही विशेष घडले नाही. ४६ क्रमांकाच्या नमुन्यात मात्र पापुद्र्याच्या पृष्ठभागावर जिवाणू, यीस्टसारख्या पेशी आणि आदिजीव यांची दाट वस्ती जमली आणि पापुद्रा झिजू लागला.

आता या गर्दीत खरा खाणारा कोण? नमुना पुन्हा पुन्हा विरळ करत, एकेक जीव वेगळा काढत संशोधक एका दंडगोल जिवाणूपर्यंत पोचले. हे काम चिकाटीचे असते. त्यात चमकदार असे काहीच नसते, म्हणून वर्तमानपत्रांत ते छापून येत नाही. पण सूक्ष्मजीवशास्त्र उभे आहे ते अशाच कामावर. साकाईत सापडला म्हणून या जिवाणूचे नाव ठेवले ‘इडिओनेला साकाइएन्सिस’. ३० अंश सेल्सिअस तापमानाला, म्हणजे आपल्याकडच्या सामान्य उन्हाळी दिवसाला, त्याने पेटचा पापुद्रा सहा आठवड्यांत जवळजवळ पूर्ण संपवला. हा शोधनिबंध मार्च २०१६ मध्ये ‘सायन्स’ या साप्ताहिकात प्रसिद्ध झाला आणि जगभर खळबळ उडाली.

हा जिवाणू जेवतो कसा तेही पाहण्याजोगे आहे. तो पापुद्र्याला चिकटून बसतो आणि एक विकर बाहेर सोडतो. त्याचे नाव अर्थातच पेटेझ! पेटेझ माळेतले सांधे तोडते आणि एक टेरेफ्थॅलिक आम्लाचा व एक ग्लायकॉलचा मणी जोडलेले छोटे तुकडे तयार होतात. या जोडीला ‘मेहेट’ म्हणतात. ही जोडी फोडायला दुसरे विकर असते, ते मेहेटेझ. ते जिवाणूच्या बाहेरच्या आवरणालाच जोडलेले असते. म्हणजे पहिला कामगार रानात जाऊन लाकडे तोडतो आणि दुसरा दारात बसून त्यांच्या ढलप्या करतो. सुटे झालेले मणी मग पेशीच्या आत जातात आणि तिथे त्यांच्यापासून ऊर्जा मिळवली जाते. शेवटी उरतात पाणी आणि कार्बन डायऑक्साइड. ४६ क्रमांकाच्या मूळ मिश्र वस्तीवर केलेल्या मोजणीत पेटमधल्या कार्बनपैकी ७५ टक्के कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने बाहेर पडल्याचे आढळले. पापुद्र्याचा नुसता भुगा झालेला नसून तो खरोखर पचला, याचा हा पुरावा.

पेटेझ आले कुठून? ते काही शून्यातून उपजलेले नाही. एका उष्णताप्रेमी जिवाणूच्या कुटिनेझसारख्या विकराशी त्याची रचना निम्म्याच्या वर जुळते. पाने खाणाऱ्या घराण्यातले कोणीतरी बाटलीकडे वळले असावे. जिवाणूंच्या पिढ्या काही तासांत उलटतात. आपल्या दृष्टीने ऐंशी वर्षे म्हणजे एक जन्म, त्यांच्या दृष्टीने तो हजारो पिढ्यांचा काळ.

आणि असे घडल्याचे उदाहरण त्याआधीही मिळाले होते. नायलॉन हे अमेरिकेत वॉलेस कॅरोदर्स यांनी १९३५ साली बनवले. पुढे १९७५ मध्ये जपानी संशोधकांना एका नायलॉन कारखान्याच्या सांडपाण्यात असा जिवाणू सापडला, की तो नायलॉन बनवताना उरणारे उपपदार्थ खाऊन जगत होता. हे पदार्थ निसर्गात पूर्वी कुठेच नव्हते. तो धागा मात्र खात नव्हता, फक्त धाग्याच्या मागे राहणारी उरलीसुरली खरड खात होता. वर्तमानपत्रांत त्याला सर्रास ‘नायलॉन खाणारा’ म्हणतात, म्हणून हा फरक मुद्दाम सांगितला.

मग कचऱ्याची चिंता मिटली?

नाही. २०१६ मध्ये पुष्कळांना वाटले की आता हे जिवाणू पिंपात वाढवायचे आणि उकिरड्यावर शिंपडायचे, की काम झाले. पण थोडे गणित करा. मूळ मिश्र वस्तीने दर चौरस सेंटिमीटरमागे दिवसाला ०.१३ मिलिग्रॅम पेट खाल्ले. पेटची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे १.३५ ग्रॅम धरली, तर दिवसाला किती जाडी कमी झाली? उत्तर येते जेमतेम एक सहस्रांश मिलिमीटर. वहीचा कागद साधारण एक दशांश मिलिमीटर जाड असतो. तेवढी जाडी एका बाजूने कुरतडायला शंभर दिवस लागतील. तेही प्रयोगशाळेतल्या लाडाकोडात.

याहून मोठी अडचण पुढेच आहे. साकाईच्या प्रयोगातला पापुद्रा आणि दुकानातली बाटली यांत फरक आहे. केरसुणी डोळ्यांसमोर आणा. तिचे टोक मोकळे असते, त्यात बोट सहज शिरते. पण मुठीजवळ काड्या इतक्या घट्ट आवळलेल्या असतात की सुईसुद्धा जाणार नाही. पेटच्या माळांचेही तसेच आहे. काही भागात त्या मोकळ्या, गुंतलेल्या असतात, तर काही भागात ओळीने घट्ट रचलेल्या असतात. या रचलेल्या भागाला स्फटिकी भाग म्हणतात. प्रयोगातल्या पापुद्र्यात स्फटिकी भाग अवघा १.९ टक्के होता. बाटली तयार करताना प्लॅस्टिक ताणून फुगवतात, त्यामुळे माळा ओळीत येतात आणि हे प्रमाण कितीतरी वाढते. तिथे विकराला सांध्यापर्यंत पोचताच येत नाही. सांधा ओळखीचा, हत्यार हातात, पण हात घालायला फट नाही! बाटली पाण्यात वर्षभर तशीच का राहते याचे खरे उत्तर हे आहे.

मग फट पाडायची कशी? तापवून. सुमारे ७० अंशांच्या पुढे पेटच्या माळा सैल होऊन हलू लागतात. पण एवढ्या उष्णतेत पेटेझ टिकत नाही. उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्याचे जे होते तेच त्याचे होते, कारण विकरे ही प्रथिनेच.

इथे पुन्हा झाडाची पाने मदतीला आली. पालापाचोळ्याच्या खताच्या ढिगात हात घातला तर तो आतून चांगला गरम लागतो. त्या उष्णतेत जगणाऱ्या जीवांची विकरेही उष्णता सोसणारी असणार. ओसाका विद्यापीठातील संशोधकांनी एका उद्यानातल्या पानाफांद्यांच्या खतातून थेट डीएनए काढले आणि २०१२ साली त्यातून एका कुटिनेझचे जनुक शोधून काढले. ते कोणत्या जीवाचे हे कोणी पाहिलेले नाही. जीव अज्ञात, पण त्याचे हत्यार हाती आले! फ्रान्समध्ये तुलूझ येथील संशोधक आणि कार्बिओस ही कंपनी यांनी या विकरातले काही दुवे बदलून ते अधिक बळकट केले. २०२० साली त्यांनी ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केलेले निष्कर्ष पाहा: ७२ अंशांना, १० तासांत, ९० टक्के पेटचे सुटे मणी झाले. त्यांपासून पुन्हा पेट बनवून त्याच्या नव्या बाटल्याही केल्या. मात्र त्याआधी कचऱ्यातल्या बाटल्या वितळवून, झटकन गार करून त्यांची भुकटी करावी लागली, म्हणजे केरसुणीची मूठ सोडवावी लागली.

याच सुमारास एक गमतीदार प्रकार घडला. इंग्लंडमधील पोर्ट्समथ विद्यापीठाचे जॉन मॅकगीहन आणि अमेरिकेतील ग्रेग बेकहॅम यांचा गट पेटेझची त्रिमिती रचना तपासत होता. पेटेझ हे कुटिनेझपासून बनले असेल, तर त्यातली खाच पुन्हा कुटिनेझसारखी अरुंद केल्यावर त्याचे काम मंदावेल असा त्यांचा अंदाज होता. त्यांनी दोन दुवे बदलले. विकर मंदावण्याऐवजी किंचित अधिक चांगले काम करू लागले! निसर्गातले पेटेझ अजून पुरते घासूनपुसून तयार झालेले नाही, असा याचा अर्थ. हे २०१८ साली प्रसिद्ध झाले.

मणी पुन्हा वापरणे हे कचरा जिवाणूंकडून पूर्ण खाऊन घेण्यापेक्षा मला अधिक शहाणपणाचे वाटते. कारण सोपे आहे. पेट बनते खनिज तेलापासून. जिवाणूने ते पूर्ण पचवले की त्यातला बहुतेक कार्बन हवेत जातो. म्हणजे तेल सावकाश जाळल्यासारखेच. शिवाय प्लॅस्टिक चटाचट खाणारे जिवाणू मोकाट पसरले तर नळाच्या पाइपांचे, विजेच्या तारांवरील वेष्टनाचे काय होईल, हा विचार तुम्हीच करा.

पिशवीची गोष्ट वेगळी

आतापर्यंतची हकिकत पेटची झाली. बाजारहाटाची पातळ पिशवी पॉलिथीनची असते आणि तिथे पेटेझचा काही उपयोग नाही. १९३३ साली इंग्लंडमधील आयसीआयच्या प्रयोगशाळेत योगायोगाने सापडलेल्या या प्लॅस्टिकच्या माळेत कार्बनला कार्बनच जोडलेला असतो, मैलोन्‌मैल. एस्टर बंध नाही, की पाण्याने तुटेल असा कोणताही सांधा नाही. ऊन आणि हवेतला ऑक्सिजन यांनी माळ आधी तुटून लहान झाली तरच जिवाणू तिच्याकडे वळतात. त्यालाही फार काळ लागतो. तोवर पिशवीचे बारीक बारीक कण होऊन ते माती-पाण्यात पसरतात. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत मुंबईची गटारे तुंबायला याच पिशव्यांनी हातभार लावला. २०१८ मध्ये महाराष्ट्राने पिशव्यांवर कडक बंदी आणली ती उगाच नव्हे.

पॉलिथीनच्या बाबतीत आशेचा एक किरण अळीने दाखवला आहे. फेडेरिका बेर्तोक्किनी या संशोधिकेला मधमाश्या पाळण्याचा छंद. पोळ्यातले मेण खाणाऱ्या अळ्या त्यांनी साफ करून एका प्लॅस्टिकच्या पिशवीत भरल्या, तर थोड्या वेळाने पिशवीला भोके! १०० अळ्यांनी १२ तासांत ९२ मिलिग्रॅम पॉलिथीन कमी केले, असे २०१७ साली प्रसिद्ध झाले. मेणातही कार्बनच्या लांब माळा असतात, तेव्हा हे अशक्य नाही. पण अळीने पिशवी पचवली की नुसती कुरतडली, यावर लगेच वाद सुरू झाला. २०२२ मध्ये याच गटाने अळीच्या लाळेत पॉलिथीनवर ऑक्सिजनचा मारा करणारी दोन विकरे असल्याचे दाखवले. हे काम अजून बाल्यावस्थेत आहे.

करून पाहा

शाळेच्या आवारात हा प्रयोग सहज करता येईल. चार कुंड्यांत बागेतली ओलसर माती भरा. पहिलीत जुन्या सुती रुमालाचा तुकडा, दुसरीत टेरिकॉटचा, तिसरीत पेटच्या बाटलीची पट्टी आणि चौथीत पॉलिथीनचा तुकडा असे चार बोटे खोल पुरा. सर्व तुकडे सारख्या मापाचे असावेत. पुरण्यापूर्वी कोरड्या तुकड्यांचे वजन प्रयोगशाळेच्या तराजूवर घेऊन लिहून ठेवा. एका पाचव्या बरणीत मात्र कढईत तासभर भाजलेली माती घ्या, तिच्यात सुती तुकडा पुरा, उकळून गार केलेलेच पाणी घाला आणि बरणी घट्ट झाकून ठेवा. ही बरणी कशासाठी, ते शिक्षकांना विचारण्याआधी स्वतः ओळखा.

माती ओली राहील एवढे पाणी घालत जा. दर तीन आठवड्यांनी तुकडे काढा, हलकेच धुवा, वाळवा, वजन करा आणि पुन्हा पुरा. माती हाताळल्यावर साबणाने हात धुवायला विसरू नका. टेरिकॉटच्या तुकड्याकडे भिंगातून नीट पाहा. त्यात दोन प्रकारचे तंतू एकत्र विणलेले आहेत. तीन महिन्यांनी त्यांतले कोणते उरले असतील, आणि ते कापड तेव्हा कशासारखे दिसेल?